विश्लेषण : फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर जाते कशी? तिचे नियम लिहिणारे जॉन पोस्टेल कोण होते?

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतले एखादे छोटे वर्कशॉप डोळ्यासमोर आणा. ऑफिसातल्या संगणकावर जॉबचा प्रोग्राम तयार झाला आहे आणि तो शॉप-फ्लोअरवरच्या सीएनसी मशीनला द्यायचा आहे. पूर्वी त्यासाठी लांबलचक सिरियल केबल ओढावी लागे, नंतर पेन ड्राइव्ह खिशात घालून माणूस जाऊ लागला. आता अनेक मशीनच्या कंट्रोलरला नेटवर्कची वायर लागते आणि त्यात एफटीपीची सोय असते. विंडोजमध्ये मुळातच असलेला एफटीपीचा आदेश वापरून कोणीतरी पाच-सहा ओळींची बॅच फाइल लिहून ठेवलेली असते. तिच्यावर डबल क्लिक केले की प्रोग्राम मशीनमध्ये जाऊन बसतो. ना महागडे सॉफ्टवेअर, ना परवाना. त्या बॅच फाइलच्या आड दोन यंत्रांमध्ये जो संवाद होतो, त्याचे व्याकरण ऑक्टोबर १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दस्तऐवजात ठरले. त्याचे दोन लेखक होते, जॉन पोस्टेल आणि जॉयस रेनॉल्ड्स. पोस्टेल यांचे १६ ऑक्टोबर १९९८ रोजी निधन झाले, तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. इंटरनेटच्या जगात हे नाव फार मोठे. आपल्याकडे मात्र संगणक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही ते बहुधा परीक्षेपुरतेच भेटते.

फाइल पाठवायला नियम लागतातच कशाला?

आज दोन्ही टोकांना साधारण सारखेच संगणक असतात, म्हणून हा प्रश्न पडतो. १९६९ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून अर्पानेट हे जाळे सुरू झाले तेव्हा त्यात पहिल्या चार ठिकाणी चार वेगळ्या जातींची यंत्रे होती. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, म्हणजे यूसीएलएमध्ये, सिग्मा ७ होता. स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एसडीएस ९४०. सांता बार्बराला आयबीएमचा ३६०. आणि युटाला पीडीपी-१०. कोणी ३२ बिटांचा शब्द धरी, कोणी २४ चा, कोणी ३६ चा. आयबीएमचे यंत्र अक्षरांना जे अंक देई ते इतरांपेक्षा निराळेच. अशा दोन यंत्रांमध्ये तार जोडून बिट ढकलले, तर पलीकडे पोहोचतो तो नुसता कचरा. मजकूर कोणत्या संकेतात आहे, ओळ कुठे संपते, फाइल संपली हे कसे कळवायचे, मधेच तार तुटली तर काय, हे सगळे आधी ठरवावे लागते.

पहिला प्रयत्न एका भारतीयाचा आहे. अलाहाबादचे, कानपूर आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे अभय भूषण तेव्हा एमआयटीत होते. एप्रिल १९७१ मध्ये त्यांनी फाइल पाठवण्याच्या पद्धतीचा, म्हणजे फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉलचा, पहिला आराखडा मांडला. एफटीपीचा जन्म तिथला. पोस्टेल यांनी तो शोधला नाही. त्याला पुढची १४ वर्षे दुरुस्त करत, जाळे आतून बदलत असतानाही चालता ठेवत, अखेर टिकेल अशा रूपात आणणाऱ्यांत मात्र ते आघाडीवर होते. १९८० मध्ये त्यांनी एफटीपी नव्या टीसीपी जाळ्यासाठी लिहून काढला आणि १९८५ मध्ये रेनॉल्ड्स यांच्यासह पुन्हा एकदा. हा शेवटचा मसुदा काही भर पडून आजही लागू आहे.

पोस्टेल या कामात कसे आले?

जोनाथन ब्रूस पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, कॅलिफोर्नियातल्या अल्टाडीना गावचा. लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइज हायस्कूलमध्ये ते शिकले. इंटरनेटच्या इतिहासातली आणखी दोन मोठी नावे, व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर, याच शाळेतली. एका शाळेला एवढे भाग्य पुरे. यूसीएलएमधून १९६६ मध्ये पदवी, १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९७४ मध्ये संगणकशास्त्रात पीएचडी. प्रबंधाचा विषयही संगणकांमधल्या संवादाच्या नियमांचे गणिती विश्लेषण हाच.

विद्यार्थी असताना ते लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत होते. अर्पानेटचे पहिले केंद्र तिथेच बसले. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी तिथून स्टॅनफर्डला पहिला संदेश गेला. लॉगिन या शब्दाची दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचे यंत्र बंद पडले. नियम ठरवण्याचे काम प्राध्यापकांनी नव्हे, या विद्यार्थ्यांनी अंगावर घेतले होते. आपण कोणावर हुकूम सोडतो आहोत असे वाटू नये म्हणून क्रॉकर यांनी एप्रिल १९६९ मध्ये पहिल्या टिपणाला अभिप्रायासाठी विनंती असे नाव दिले. आरएफसी हे त्याचेच इंग्रजी आद्याक्षरांचे रूप. ही टिपणे तपासणे, क्रमांक देणे, जपणे हे संपादकाचे काम पोस्टेल यांच्याकडे आले आणि मरेपर्यंत, जवळजवळ तीन दशके, त्यांच्याचकडे राहिले. दोनशेहून अधिक टिपणांवर लेखक म्हणूनही त्यांचे नाव आहे. इंटरनेटचा पाया असलेले आयपी आणि टीसीपी यांचे सप्टेंबर १९८१ चे दस्तऐवज त्यांनी संपादित केले, ईमेल पाठवण्याचा एसएमटीपी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिला.

ही सगळी टिपणे कोणालाही, नाव-गाव न विचारता, एफटीपीने उतरवून घेता येत. नियम वाचायला पैसे नाहीत, वापरायला परवानगी नाही. त्या काळात इतर आंतरराष्ट्रीय मानके विकत घ्यावी लागत, हे लक्षात घेतले तर मुंबईच्या किंवा कानपूरच्या विद्यार्थ्याला याचा अर्थ काय होता ते कळेल.

लांब दाढी, मागे बांधलेले केस आणि पायात सँडल असा त्यांचा अवतार. १९७७ पासून ते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आयएसआयमध्ये, होते आणि तिथून हलले नाहीत. सुट्टीत पाठीवर सॅक टाकून डोंगरात जात.

तीन आकडी उत्तरात असे काय आहे?

बॅच फाइलकडे परत येऊ. ती चालवल्यावर काळ्या खिडकीत झरझर ओळी सरकतात. प्रत्येक उत्तराच्या ओळीच्या सुरुवातीला तीन आकडे असतात आणि पुढे इंग्रजी वाक्य. २२० म्हणजे पलीकडचा सर्व्हर तयार आहे. ३३१ म्हणजे नाव कळले, आता पासवर्ड द्या. २३० म्हणजे आत आलात. २२६ म्हणजे फाइल पोहोचली. ५५० म्हणजे फाइल मिळत नाही किंवा तुम्हाला मुभा नाही.

यातली युक्ती अशी की वाक्य माणसासाठी आहे आणि आकडा यंत्रासाठी. वाक्य कोणत्याही शब्दांत लिहा, कोणत्याही भाषेत लिहा. स्क्रिप्ट ते वाचतच नाही. ती फक्त आकडा पाहते, आणि तोही पूर्ण पाहायची गरज नसते. पहिला अंक १ असेल तर काम सुरू झाले, थांबा. २ असेल तर झाले. ३ असेल तर आणखी काही हवे आहे. ४ असेल तर सध्या जमत नाही, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. ५ असेल तर पुन्हा प्रयत्न करूनही उपयोग नाही, माणसाला बोलवा. केवळ एक अंक तपासणारी चार ओळींची स्क्रिप्ट म्हणूनच रात्रभर एकटी काम करू शकते: ४ आला तर पाच मिनिटे थांबून पुन्हा, ५ आला तर नोंद करून बंद. हीच पद्धत पोस्टेल यांच्या ईमेलच्या नियमात आहे आणि वेबवर सर्वांना परिचित असलेला ४०४ हा आकडा याच घराण्यातला.

आदेशही तीन-चार अक्षरांचे, साध्या मजकुरात. यूझर, पास, फाइल ठेवायला स्टोअर, आणायला रेटर. दोन्ही बाजूंचे बोलणे एका वाहिनीवर, २१ क्रमांकाच्या पोर्टवर, आणि फाइल दुसऱ्याच वाहिनीवर. बोलणे असे साधे असल्याने ते करणारे सॉफ्टवेअर अगदी लहान होऊ शकते. कारखान्यातल्या कंट्रोलरमध्ये, सीसीटीव्हीच्या डबीत, स्वस्तातल्या राऊटरमध्ये एफटीपी शिरला तो याच बळावर.

एक खोच मात्र सांगायला हवी. एफटीपीला फाइल मजकुराची आहे की बायनरी, हे सांगावे लागते. मजकूर म्हटले की ओळीच्या शेवटाची चिन्हे पलीकडच्या यंत्राच्या सोयीने बदलली जातात. १९७१ च्या चार जातींच्या यंत्रांसाठी हे शहाणपणाचे होते. छायाचित्र किंवा झिप फाइल चुकून मजकूर म्हणून पाठवली की ती तिकडे उघडतच नाही. असा अनुभव आलेले लोक डीटीपीच्या धंद्यात बरेच सापडतील.

यादी सांभाळणारा माणूस

एफटीपीला २१, टेलनेटला २३, ईमेलला २५ हे पोर्ट क्रमांक दोन्ही बाजूंना आधीच ठाऊक हवेत, नाहीतर दार कोणते ठोठवायचे तेच कळणार नाही. मे १९७२ मधल्या टिपणात पोस्टेल यांनी सुचवले की असे क्रमांक वाटायला कोणीतरी एक झार असावा. तो बहुधा आपणच, असेही त्यांनी थट्टेत सूचित केले. थट्टा खरी ठरली. पुढची २६ वर्षे कोणालाही नवा क्रमांक हवा असला की तो पोस्टेल यांच्याकडे मागायचा. या कामाला पुढे आयएएनए असे भारदस्त प्राधिकरणाचे नाव मिळाले. प्रत्यक्षात ते म्हणजे पोस्टेल, रेनॉल्ड्स आणि आणखी मोजके सहकारी.

दुसरी यादी होती संगणकांच्या नावांची. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत जाळ्यातल्या सर्व यंत्रांची नावे आणि पत्ते एकाच मजकूर फाइलमध्ये असत. ती स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळी आणि बाकीचे ती एफटीपीने उतरवून घेत. म्हणजे सगळ्या जाळ्याची टेलिफोन डिरेक्टरी ही एक फाइल, आणि ती पोहोचवणारी ठिकठिकाणची छोटी स्क्रिप्ट. यंत्रे वाढली तशी ही पद्धत कोलमडू लागली. पोस्टेल यांनी आयएसआयमधले सहकारी पॉल मोकापेट्रिस यांना समोर आलेल्या प्रस्तावांतून मार्ग काढायला सांगितले. मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये स्वतःचीच नवी रचना पुढे केली, ती म्हणजे आजची डोमेन नावांची पद्धत. एका फाइलऐवजी आता पुष्कळ फाइल झाल्या, प्रत्येक आपापल्या मालकाकडे. पण अगदी वरच्या टोकाला एक फाइल उरलीच. डॉट कॉम कुठे विचारायचे, डॉट यूके कुठे, हे सांगणारी मूळ फाइल. ती लक्षात ठेवा.

मुंबईशी संबंध कसा आला?

देशांची दोन अक्षरी नावे देताना पोस्टेल यांनी एक सावध तोडगा काढला. कोणता प्रदेश देश आहे आणि कोणता नाही, या वादात संगणकवाल्यांनी पडायचे नाही. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची देशसंकेतांची यादी आहे, तीच वापरायची. भारताचे डॉट इन ८ मे १९८९ रोजी नोंदले गेले आणि त्याची जबाबदारी मुंबईत जुहूला असलेल्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटीकडे आली. देशाचे नाव एका संशोधन संस्थेकडे सोपवले गेले, आणि त्यासाठी कुठे निविदा निघाली नाही की समारंभ झाला नाही.

एनसीएसटीच का, याचे उत्तर सोपे आहे. इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने १९८६ मध्ये अर्नेट हे शैक्षणिक जाळे सुरू केले. श्रीनिवासन रमणी यांच्या नेतृत्वाखालची एनसीएसटी त्याच्या केंद्रस्थानी होती. सुरुवातीचा दुवा जुहू ते पवई, म्हणजे एनसीएसटी ते आयआयटी मुंबई, आणि तोही साध्या टेलिफोनवर. तिथे पोस्टेल यांचे नियम नव्हते. यूयूसीपी हे बेल प्रयोगशाळेतले त्याहूनही हलके सॉफ्टवेअर होते, ज्याच्या नावाचाच अर्थ एका युनिक्सवरून दुसऱ्या युनिक्सवर नक्कल असा आहे. ठरलेल्या वेळी स्क्रिप्ट जागी होई, मोडेम फोन लावी, साठलेल्या फाइल तिकडे टाकी, तिकडच्या इकडे आणी आणि फोन ठेवी. ईमेल म्हणजे या फाइलच. सामान्य ग्राहकांना विदेश संचार निगमचे इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी मिळाले, त्याच्या कितीतरी आधी मुंबईतले संशोधक असे पत्रव्यवहार करत होते. एनसीएसटी पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये विलीन झाली आणि २००५ पासून डॉट इनचा कारभार निक्सीकडे गेला.

मार्च १९९४ च्या एका टिपणात पोस्टेल यांनी लिहून ठेवले की असे नाव सांभाळणारा हा त्याचा मालक नसून स्थानिक लोकांचा विश्वस्त आहे. हक्काची भाषा करू नये, जबाबदारीची आणि सेवेची करावी, असा त्याचा आशय. तोवर इंटरनेटमध्ये पैसा आला नव्हता.

जानेवारी १९९८ मध्ये काय घडले?

पैसा सप्टेंबर १९९५ मध्ये आला. डॉट कॉमची नोंदणी करणाऱ्या नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीला त्यासाठी शुल्क घेण्याची मुभा मिळाली: दोन वर्षांना १०० डॉलर. नावांच्या यादीला बाजारभाव आला आणि ती यादी कोणाची, हा प्रश्न तापला. पोस्टेल यांनी नवी नावे आणून मक्तेदारी मोडण्याचे प्रस्ताव मांडले. अमेरिकी सरकार स्वतःचा आराखडा तयार करत होते.

मघाच्या मूळ फाइलची प्रत तेव्हा जगभरातले १३ रूट सर्व्हर ठेवत. मुख्य प्रत नेटवर्क सोल्यूशन्सच्या यंत्रावर होती, इतर तिथून नक्कल करत. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी आठ सर्व्हर चालवणाऱ्यांना ईमेल केला की यापुढे प्रत तिथून नको, माझ्या आयएएनएच्या यंत्रावरून घ्या. फाइलमधला मजकूर बदलला नव्हता. बदलले ते फक्त ती आणण्याचे ठिकाण. आठही जणांनी लगेच तसे केले. त्यांच्यासाठी तेवढा एक ईमेल पुरेसा होता. जगात कोणाचेही इंटरनेट अडले नाही.

वॉशिंग्टनमध्ये मात्र खळबळ उडाली. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी हे ताबडतोब थांबवा असे खडसावले. ही चाचणी होती, असे सांगून पोस्टेल यांनी सर्व पूर्ववत केले. ती खरेच चाचणी होती, की जाळे आम्ही चालवतो याची सरकारला दिलेली आठवण, यावर जाणकारांत अजून दोन तट आहेत. वेळ पाहिली तर दुसऱ्या शक्यतेकडे मन झुकते: सरकारचा प्रस्ताव लगेचच, ३० जानेवारीला जाहीर झाला. त्यातूनच सप्टेंबर १९९८ मध्ये आयकॅन ही संस्था उभी राहिली. पोस्टेल तिचे तांत्रिक प्रमुख होणार होते. त्याआधीच, हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीने लॉस एंजेलिसमध्ये त्यांचे निधन झाले. जुने सोबती व्हिंट सर्फ यांनी त्यांच्यावरचा मृत्युलेख आरएफसी म्हणूनच प्रसिद्ध केला. त्याचा क्रमांक २४६८.

त्यांचे काय चुकले?

पोस्टेल यांच्या नावाने एक नियम प्रसिद्ध आहे: आपण पाठवताना काटेकोर असावे, दुसऱ्याचे स्वीकारताना उदार. शेकडो जणांनी वेगवेगळे लिहिलेले सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलू शकले ते या उदारतेमुळे. पण त्याच उदारतेने चुकीचे सॉफ्टवेअरही खपून गेले, आणि चुका मग कायमच्या झाल्या. २०२३ मध्ये एका आरएफसीनेच या तत्त्वाची उलटतपासणी केली.

दुसरी उणीव आपल्याला जास्त जवळची आहे. साधा मजकूर म्हणजे त्या पिढीच्या लेखी इंग्रजी मजकूर. १९८२ च्या ईमेलच्या नियमात एका अक्षराला सात बिट होते. देवनागरीला त्यात जागा नव्हती. आठ बिटांचे मराठी फॉन्ट वापरून लिहिलेला मजकूर वाटेत मोडून पडे, म्हणून तो जोडपत्र करून पाठवावा लागे. देवनागरीतले डॉट भारत यायला २०१४ उजाडले.

तिसरी सर्वांत गंभीर. एफटीपीत नाव आणि पासवर्ड उघड्या अक्षरांत जातात. त्याच वायरवर बसलेल्या कोणालाही ते वाचता येतात. एकमेकांना ओळखणाऱ्या संशोधकांच्या जाळ्यात हे चालले. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातले तातू युलोनेन यांनी, आपल्या जाळ्यावर पासवर्ड चोरले गेल्यावर, एसएसएच हे कुलूपबंद संवादाचे सॉफ्टवेअर लिहिले. त्यांना पोर्ट हवा होता तो एफटीपीचा २१ आणि टेलनेटचा २३ यांच्या मधला, कारण या दोघांची जागा घ्यायची होती. जुलै १९९५ मध्ये त्यांनी आयएएनएला ईमेल केला. दुसऱ्याच दिवशी रेनॉल्ड्स यांचे उत्तर आले, २२ तुमचा. आज एससीपी, एसएफटीपी आणि बहुतेक ठिकाणी आरसिंक या २२ वरूनच फाइल नेतात, आणि स्क्रिप्ट लिहायला तितक्याच सोप्या आहेत.

२०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरनी एफटीपी काढून टाकला. कारखान्यांतल्या मशीन मात्र पंधरा-वीस वर्षे चालतात आणि त्यांच्या कंट्रोलरला बहुधा २१ च समजतो. अशा ठिकाणी बॅच फाइल टाकून द्यायची गरज नाही. मशीनचे नेटवर्क ऑफिसच्या वाय-फायपासून वेगळे ठेवावे, २१ क्रमांकाचा पोर्ट बाहेरच्या इंटरनेटला उघडू नये, आणि त्या बॅच फाइलमध्ये लिहिलेला पासवर्ड बँकेचा किंवा ईमेलचा नसावा. शक्य असेल तिथे मधल्या एका संगणकापर्यंत फाइल एसएफटीपीने आणावी आणि तिथून मशीनपर्यंतच्या शेवटच्या काही फुटांसाठीच जुना एफटीपी वापरावा.